रोगप्रतिबंध आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : आशा व अंकुश

आजचे युग संगणकाचे युग आहे, असे आपण गेली तीस वर्षे ऐकत आलो. आता त्यापुढचे पाऊल पडले असून ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी झाला आहे. बँकेत, कचेरीत ती आली, तशी ती दवाखान्यातही आली. रोग बळावण्यापूर्वीच ओळखण्याच्या कामी तिचा उपयोग किती आणि तिच्यावर अंकुश कोणाचा असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. ज्याच्या शरीराची तपासणी होणार, त्या प्रत्येकाचा तो आहे.

प्रथम ही बुद्धिमत्ता म्हणजे काय ते पाहू. साध्या संगणकाला माणूस नियम सांगतो. बँकेतील व्याजाची आकारणी अशीच होते. कृत्रिम बुद्धिमत्तेला मात्र नियमांऐवजी हजारो उदाहरणे उत्तरांसह दिली जातात आणि त्यांतील साम्य व भेद यंत्र स्वतः हुडकते. म्हणजे ते जे शिकते, ते दिलेल्या उदाहरणांतूनच. विद्यार्थी मित्रांनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पुढचे सारे गुणदोष येथूनच निघतात.

मधुमेहाचे उदाहरण घेऊ. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. या रोगात डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही आणि दिसेनासे होते तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. वेळेवर कळले तर दृष्टी वाचवता येते. म्हणून मधुमेहींनी दरवर्षी डोळे तपासावेत असे डॉक्टर सांगतात. पण एवढ्या लोकांना पुरतील इतके नेत्रतज्ज्ञ आणावयाचे कोठून?

2016 साली गुगलच्या संशोधकांनी या प्रश्नावरील आपले काम प्रसिद्ध केले. अमेरिकेतील व भारतातील मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय अशा रुग्णालयांतील 1 लाख 28 हजार 175 छायाचित्रे 54 डॉक्टरांकडून तपासून घेऊन त्यांनी यंत्राला शिकवले. चाचणीत यंत्राने शंभरातील 96-97 रुग्ण बरोबर ओळखले. 2018 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशाच एका दुसऱ्या यंत्राला, डॉक्टरांनी छायाचित्र न पाहताही निष्कर्ष देण्याची परवानगी दिली. छातीचा एक्स-रे पाहून क्षयरोगाचा संशय सांगणाऱ्या यंत्रांचा वापर करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली केली. जेथे तज्ज्ञ पोहोचत नाही तेथे तपासणी पोहोचू शकते, ही आशा खरी आहे.

परंतु थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, शिबिरात 1000 मधुमेही आले आणि त्यांपैकी 50 जणांना डोळ्यांचा विकार आहे. यंत्र शंभरातील 96 रुग्ण ओळखते आणि शंभरातील 94 निरोगी माणसांना निरोगी म्हणते. मग 48 रुग्ण सापडतील, 2 निसटतील. उरलेल्या 950 निरोगी लोकांपैकी 57 जणांनाही ते रोगी ठरवील. म्हणजे इशारा मिळालेल्या 105 जणांत खरे रुग्ण निम्म्याहून कमी. तेव्हा यंत्राचा इशारा म्हणजे निदान नव्हे. घाबरू नये, पण पुढची तपासणी टाळूही नये.

प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष दवाखाना यांतही अंतर असते. गुगलचे यंत्र थायलंडमधील 11 दवाखान्यांत वापरले, तेव्हा सुमारे एकपंचमांश छायाचित्रे अस्पष्ट म्हणून यंत्राने नाकारली, असे 2020 च्या अहवालात नमूद आहे. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट संथ होते. छायाचित्र नाकारले की रुग्णाला दूरच्या रुग्णालयात पाठवावे लागे. म्हणजे प्रवासखर्च आला आणि कामाचा खाडाही आला.

याहून गंभीर धोका पक्षपाताचा आहे. अमेरिकेत कोणत्या रुग्णांकडे जादा लक्ष द्यावे हे ठरवणारी एक संगणकीय पद्धत होती. 2019 साली ‘सायन्स’ नियतकालिकात तिची चिकित्सा प्रसिद्ध झाली. यंत्राला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता. परंतु आजाराचे माप म्हणून त्याने उपचारावरील खर्च धरला होता. कृष्णवर्णीयांवर त्याच आजारासाठी कमी खर्च होत आला होता, म्हणून यंत्राने त्यांना कमी आजारी ठरवले. दोष दूर केल्यास जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांना आढळले.

आपल्याला हे समजावयास कठीण नाही. जुन्या कर्जखात्यांवरूनच पत ठरवावयाची म्हटल्यास, ज्याला कधी कर्जच मिळाले नाही त्याची पत कशी दिसणार? रोज बुडेल म्हणून जो दवाखान्याची पायरी चढला नाही, त्याचे दुखणे कोणत्याच वहीत नाही. ज्यांची नोंद नाही ते यंत्राच्या लेखी नाहीतच. जुना अन्याय यंत्राच्या पोटात शिरला की तो गणिताच्या रूपाने बाहेर येतो आणि मग त्याला प्रश्न विचारणेही अवघड होते.

म्हणून अंकुश हवा. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, तीच रीत येथेही हवी. स्वीडनमध्ये 80 हजारांहून अधिक स्त्रियांच्या स्तनकर्करोग तपासणीत यंत्राची मदत घेऊन पाहण्यात आली. 2023 च्या अहवालानुसार डॉक्टरांचे छायाचित्र-वाचनाचे काम 44 टक्क्यांनी घटले, तरी यंत्राची मदत घेतलेल्या गटात 244 आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात 203 कर्करोग सापडले. मात्र प्रत्येक छायाचित्र किमान एका डॉक्टरने पाहिलेच होते. आपल्याकडेही रोगनिदानासाठीचे सॉफ्टवेअर एप्रिल 2020 पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली आले. आयुर्विज्ञान परिषदेने 2023 साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला.

पण विचारणारा असेल तरच कायद्याचा उपयोग. आपल्या वस्तीत असे शिबिर भरल्यास चार प्रश्न अवश्य विचारावेत : हे यंत्र आपल्यासारख्या लोकांवर पारखले आहे काय? त्याचा निष्कर्ष कोणता डॉक्टर तपासणार? इशारा मिळाल्यावर पुढील उपचार कोठे व किती खर्चात होतील? आणि आमची माहिती कोणाकडे, कशासाठी राहणार?

आपल्या मुलामुलींनी संख्याशास्त्र, परिचर्या, संगणक हे विषय शिकून हे प्रश्न विचारणाऱ्यांत आणि यंत्राला शिकवणाऱ्यांतही बसावे. वही कोण लिहितो यावर हिशेब अवलंबून असतो. ती लिहिणाऱ्यांत आपलाही हात असला पाहिजे.