नाव पुसले, नौका राहिली

अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात तटरक्षक दलाची एक जुनी नौका संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. १९३६ साली सेवेत रुजू झालेल्या या नौकेला आज नाव नाही. केवळ क्रमांक आहे. नाव का गेले, हे समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकन तटरक्षक दलाचा उगम जकातवसुलीत आहे. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने चोरट्या आयातीला आळा घालणाऱ्या गस्तीनौका उभ्या राहिल्या. युद्धकाळ वगळता १९६७ पर्यंत हे दल अर्थखात्याच्याच अखत्यारीत होते. साहजिकच नौकांना माजी अर्थमंत्र्यांची नावे मिळाली. या नौकेच्या वाट्याला रॉजर टॉनी यांचे नाव आले. अध्यक्ष जॅक्सन यांच्या बँकविरोधी लढ्यात सरकारी ठेवी हलविणारे अर्थमंत्री ते हेच. पुढे सरन्यायाधीश या नात्याने १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात त्यांनी निर्वाळा दिला, की कृष्णवर्णीय मनुष्य, गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही.

नौकेची कारकीर्द मात्र निराळी. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा शेजारच्या होनोलुलू बंदरातून तिने जपानी विमानांवर तोफा डागल्या. त्या दिवशी लढलेल्या युद्धनौकांपैकी आज तरंगत असलेली ही एकटीच. ओकिनावा, व्हिएतनाम आणि नंतर भरसमुद्रात हवामानाच्या नोंदी, अशी पन्नास वर्षांची सेवा करून ७ डिसेंबर १९८६ रोजी ती निवृत्त झाली.

२०२० मध्ये संग्रहालयाने नौकेवरील टॉनी यांचे नाव काढून टाकले. हा इतिहास पुसण्याचा प्रकार आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु इतिहास आणि गौरव या दोन भिन्न गोष्टी आहेत. टॉनी यांचा निकाल ग्रंथांत आहे आणि तेथे तो राहिलाच पाहिजे. नौकेवर नाव कोरणे हा मात्र सन्मान होय, आणि सन्मान कोणाला द्यावा हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला असतो. शिवाय नौकेची कीर्ती नावाने मिळविलेली नाही. ती खलाशांच्या श्रमांची कमाई आहे. ती कमाई जपावयाची, आणि नाव का उतरविले हेही येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावयाचे, एवढे पथ्य पाळले तर काहीच पुसले जात नाही. नामांतराचे वाद आपल्यालाही नवे नाहीत. ते करताना हा विवेक राहिला, तर पुष्कळ झाले.