चिठ्ठीकडून कथनाकडे

एमिल दुर्खीम यांच्या १८९७ सालच्या ग्रंथाने आत्महत्या हा समाजशास्त्राच्या अभ्यासाचा विषय ठरवला. मात्र त्या ग्रंथाचा आधार आकडेवारीचा असल्यामुळे धर्म, विवाह वा आर्थिक अरिष्ट यांनुसार मृत्यूंचे प्रमाण कसे बदलते एवढेच त्यातून उमगले, आणि ज्याच्यावर ती वेळ ओढवली त्याच्या मनात काय चालले होते हा प्रश्न तसाच राहिला. त्या प्रश्नाची वाट १९४९ साली लॉस एंजेलिसमध्ये मोकळी झाली. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या दप्तरात एडविन श्नाइडमन या मानसशास्त्रज्ञांना शेकडो अखेरच्या चिठ्ठ्या आढळल्या, आणि नॉर्मन फारबेरो यांच्यासह त्यांनी त्यांची तुलना असा विचार मनात नसलेल्या माणसांकडून मुद्दाम लिहवून घेतलेल्या चिठ्ठ्यांशी केली.

या तुलनेतून प्रचलित समजाला धक्का बसला. कल्पनेने लिहिलेल्या चिठ्ठ्यांत जीवनाविषयीचे चिंतन अधिक होते, तर खऱ्या चिठ्ठ्यांत माणसांची नावे, वस्तूंची व्यवस्था आणि मागे राहणाऱ्यांसाठी साध्यासुध्या सूचना होत्या. पुढे श्नाइडमन यांनाच या साधनाची मर्यादा जाणवली, कारण त्या घडीला मनाची दृष्टी इतकी आक्रसलेली असते, म्हणजे दोनच पर्याय दिसून बाकीचे सारे नजरेआड होतात, की स्वतःच्या अवस्थेविषयी सविस्तर लिहिणे त्या मनाला झेपतच नाही. शिवाय बहुतेक जण चिठ्ठी ठेवतही नाहीत. हे मोकळेपणाने मान्य करणे हा श्नाइडमन यांच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग मानावा लागेल. मरणाची ओढ आणि कोणीतरी वाचवावे ही आस एकाच वेळी नांदतात, या द्विधावस्थेच्या जाणिवेवरच १९५८ साली लॉस एंजेलिसचे प्रतिबंध केंद्र उभे राहिले, आणि असह्य मानसिक वेदनेसाठी श्नाइडमन यांनी १९९३ साली ‘सायकेक’ हा स्वतंत्र शब्द घडवला.

चिठ्ठी जे सांगू शकत नव्हती ते सांगणारी माणसे मात्र हयात होती. प्रयत्नातून वाचलेल्यांकडे रोगलक्षणांची यादी म्हणून न पाहता त्यांच्याच तोंडून त्यांची हकीकत ऐकावी, हा आग्रह धरणारे चिकित्सक २००० साली स्वित्झर्लंडमधील एशी या गावी एकत्र आले, आणि त्या विचारातून बर्न येथे कोन्राड मिशेल व आन्या गिसिन-मायार यांनी एक अल्पमुदतीची उपचारपद्धती घडवली. तीत रुग्ण प्रथम आपण त्या क्षणापर्यंत कसे पोहोचलो हे सांगतो. त्याचे चित्रीकरण पुढच्या भेटीत तो उपचारकासोबत पाहतो. तिसऱ्या भेटीत धोक्याच्या खुणा व त्या वेळी करायच्या गोष्टी दोघे मिळून लिहून काढतात, आणि त्यानंतर दोन वर्षे उपचारक त्याला अधूनमधून पत्रे पाठवतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२० रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. चोवीस महिन्यांत या पद्धतीच्या गटात पुन्हा झालेले प्रयत्न ५, तर दुसऱ्या गटात ४१ नोंदले गेले. एका छोट्या चाचणीवर सारा भार टाकणे योग्य नसले, तरी कथन हे केवळ अभ्यासाचे साधन नसून त्याला लक्षपूर्वक ऐकणारा लाभला तर ते उपचारही ठरू शकते, हे तिने दाखवले.

भारतात मात्र अशा कथनाच्या आड कायदाच उभा होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार प्रयत्न हा गुन्हा असल्याने खरे सांगणे म्हणजे कबुलीजबाब देणे, आणि म्हणून रुग्णालयाच्या कागदावर ‘अपघात’ लिहवून घेण्याकडे कुटुंबांचा कल राहिला. परिणामी ज्याला बोलते करायला हवे होते तोच गप्प बसवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तोच कौल दिला आणि १९९६ साली तो फिरवला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, अन्यथा सिद्ध न झाल्यास, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्यावरील खटला थांबवला आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरले नाही. ‘टेली-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मराठीतही बोलता येते, आणि तिथे मन मोकळे करणाऱ्याचे शब्द आता त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरत नाहीत.