तुतीच्या झाडांतील विविधता व बेण्याची निवड

एकाच तुतीच्या झाडाचे बी पेरून वाढविलेली रोपे पाहिली, तर एकाचे पान अखंड व हृदयाकृती, शेजारच्याचे खोल कातरलेले, तर तिसऱ्याचे लहान व खरखरीत असे आढळून येते. तुतीची नर व मादी फुले बहुधा निरनिराळ्या झाडांवर येतात आणि पराग वाऱ्याबरोबर पसरतो. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे गुणांची नवी मिसळ होय. पेशीतील गुणसूत्रांची संख्यादेखील सर्वत्र सारखी नसते. सामान्य तुतीत ती २८, त्रिगुणित वाणांत ४२, तर काळ्या तुतीत तब्बल ३०८ असते! पश्चिम बंगालमधील एस-१६३५ हा वाण त्रिगुणित आहे.

संशोधकांस ही मिसळ मोठी उपकारक ठरली. म्हैसूरच्या स्थानिक तुतीच्या रोपांतून कण्वा-२ म्हणजेच एम-५ हा वाण निवडण्यात आला. पुढे म्हैसूर येथील केंद्रीय संस्थेने संकरातून काढलेला व्ही-१ हा वाण १९९७ साली प्रसारित झाला. त्याची पाने रुंद, जाड व रसदार असून कांड्यांना मुळेही सहज फुटतात. एस-३६ चे कोवळे पान चॉकी अळ्यांस उत्तम. मात्र त्याच्या कांड्या तितक्या सहज रुजत नाहीत. कोरडवाहू जमिनीसाठी एस-१३ हा वाण आहे.

शेतकऱ्यास मात्र मळ्यात मिसळ परवडत नाही. अळ्या एकूण पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला शेवटच्या अवस्थेत खातात. त्या वेळी निम्मी झाडे हलक्या जातीची निघाली, तर पाला अपुरा पडून कोष हलके उतरतात. म्हणून लागवड बियांच्या रोपांपासून न करता, खात्रीच्या मळ्यातील सहा ते आठ महिने वयाच्या निरोगी फांद्यांच्या कांड्यांपासून करावी. प्रत्येक कांडीवर तीन-चार डोळे असावेत. केवळ पानाच्या आकारावरून वाण ओळखू नये. काही जातींत एकाच झाडावर अखंड व कातरलेली अशी दोन्ही पाने येतात.

कांडीपासून वाढलेली झाडे गुणांनी एकसारखी असतात, आणि दोषांनीही. एखाद्या वाणास मूळकूज लवकर लागत असेल, तर सबंध मळ्यास तोच धोका असतो. यास्तव क्षेत्र मोठे असल्यास चॉकीसाठी वेगळा वाण वेगळ्या तुकड्यात लावावा, आणि प्रत्येक तुकड्याच्या बांधावर वाणाचे नाव लिहिलेली पाटी रोवावी.