बसून राहणारा प्रोग्रॅम

कॅल्क्युलेटर उघडा आणि त्याला हात लावू नका. आकडे आहेत, बटणं आहेत, कोपऱ्यात फुली आहे. या घडीला तो प्रोग्रॅम काय करत असेल? काहीच नाही. टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे प्रोसेसरचा वापर बहुधा शून्य दिसेल. तो आपल्या कोडमधल्या एका ओळीवर झोपला आहे. तुम्ही माउस त्याच्यावर नेला, की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला उठवते, तो तेवढ्यापुरतं काम करतो आणि पुन्हा त्याच ओळीवर येऊन आडवा होतो.

कॉलेजात सी किंवा क्लासमध्ये पायथन शिकलेल्याला हे चमत्कारिक वाटतं. त्याने तोवर लिहिलेले सगळे प्रोग्रॅम वरून खाली वाहत गेलेले असतात: आकडा विचारला, बेरीज केली, उत्तर छापलं, संपलं. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याच्या हातात. डेस्कटॉपवर पहिली विंडो उघडली की हा लगाम वापरणाऱ्याच्या हाती जातो. तो आधी फाइल उघडेल की आधी फुलीवर क्लिक करेल, कुणी सांगावं! आपण फक्त ‘असं झालं तर हे कर’ एवढं सांगून ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. नवशिक्यांना डेस्कटॉप प्रोग्रॅमिंगमध्ये छळणाऱ्या बहुतेक अडचणी, माझ्या मते, या एका उलटापालटीतून निघतात.

ती झोपायची ओळ विंडोजमध्ये ‘गेटमेसेज’ या नावाच्या फंक्शनची असते. तिच्याभोवती एक छोटं चक्र: रांगेतला पुढचा मेसेज घे, तो ज्या विंडोचा असेल तिच्याकडे पाठव, परत ये. माउस हलला, कळ दाबली, विंडोचा आकार बदलला, टायमर वाजला, सगळं काही मेसेज बनून या रांगेत येतं. १९८५ सालच्या पहिल्या विंडोजमध्ये हे चक्र होतं आणि आजही विंडोजवरच्या प्रोग्रॅमच्या पोटात, कितीही आधुनिक वेष्टन घातलेलं असो, बहुधा तेच फिरत असतं. पायथनच्या टीकेइंटर या विंडो बनवायच्या संचात त्याला ‘मेनलूप’ म्हणतात. ही ओळ लिहायची राहिली, तर फाइलवर डबल-क्लिक केल्यावर विंडो क्षणभर चमकते, किंवा तेवढीही दिसत नाही, आणि नाहीशी होते. विंडो बिघडलेली नसते. झोपायला जागाच न दिल्यामुळे प्रोग्रॅम शेवटच्या ओळीपर्यंत पोचून रीतसर संपलेला असतो.

दुसरी ठेच कंसांची. बटण तयार करताना ‘दाबल्यावर हे फंक्शन चालव’ असं सांगायचं असतं, आणि सवयीने हात फंक्शनच्या नावापुढे कंस टाकून जातो. कंस म्हणजे ‘आत्ता चालव’. मग विंडो दिसायच्या आधीच फंक्शन चालून जातं, बटणाच्या हाती येतो रिकामा निकाल, आणि बटण कितीही दाबा, ढिम्म. कंस काढले की झालं.

आता खरा प्रश्न: प्रोग्रॅम हँग का होतो?

समजा बटणामागच्या फंक्शनमध्ये हजार फोटो लहान करायचं काम आहे. चाळीस सेकंद लागतात. विंडो हलत नाही, फुली चालत नाही, आणि थोड्या वेळाने विंडोच्या मथळ्यावर ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची पाटी येते. नवशिक्याला वाटतं, आपला कोड अडकला. कोड तर जिवाच्या आकांताने धावत असतो! अडकलेली असते रांग. पिठाच्या गिरणीत डब्यांची ओळ लागलेली असावी आणि गिरणीवाल्याने कुणाचं तरी पन्नास किलोचं पोतं जात्यात ओतावं, तसं. तो रिकामा बसलेला नाही, पण मागच्या पावकिलो नाचणीवाल्याला त्याचा काय उपयोग? विंडोचं चक्र एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच ओघावर, फिरतं, आणि तुमचं फंक्शन त्याच थ्रेडवर चालतं. ते परत येत नाही तोवर पुढचा मेसेज कुणी उचलत नाही.

यातून एक गंमत घडते, जी पाहून अनेकांनी डोकं धरलं असेल. फंक्शनच्या पहिल्या ओळीत लेबलवर ‘काम सुरू आहे’ असं लिहिलं, मग चाळीस सेकंदांचं काम, आणि शेवटच्या ओळीत ‘झालं’. प्रत्यक्षात ‘काम सुरू आहे’ कधीच दिसत नाही. थेट ‘झालं’. कारण लेबलचा मजकूर बदलणं म्हणजे पडद्यावर लिहिणं नव्हे. त्याने फक्त ‘हा भाग जुना झाला, सवडीने पुन्हा काढा’ अशी नोंद होते. आणि ही सवड खरोखरची सवड असते: चित्र काढण्याचा मेसेज विंडोज तेव्हाच देतं, जेव्हा रांगेत दुसरं काही उरलेलं नसतं. दहा ठिकाणी दहा बदल झाले तरी रंगकाम एकदाच व्हावं, म्हणून ही काटकसर.

म्हणजे विंडो ही पडद्यावर ठेवलेली वस्तू नाही. ती पुन्हा पुन्हा काढली जाणारी आकृती आहे. विंडोज एक्सपी वापरलेल्यांना आठवेल: हँग झालेल्या विंडोवरून दुसरी विंडो ओढली की तिचा माग उमटत जायचा, पत्त्यांची रास पसरावी तसा. खालच्या प्रोग्रॅमला ‘तुझा झाकलेला भाग उघडा पडला, काढ’ असा मेसेज जात होता आणि तो काढायला जागेवर नव्हता, म्हणून जुनाच रंग तिथे राहत होता. व्हिस्टापासून प्रत्येक विंडोचं चित्र वेगळं साठवून मग एकत्र रचायची पद्धत आली आणि तो माग गेला.

हँग झाल्यावर विंडो फिकट, पांढुरकी पडते तेव्हा जे समोर दिसतं, ते तर आणखी नवल आहे. ती तुमच्या प्रोग्रॅमची विंडो नसतेच. एखादा प्रोग्रॅम पाच सेकंद रांगेकडे फिरकला नाही, की विंडोज त्याला प्रतिसादहीन ठरवतं आणि त्याच जागी, त्याच आकाराची, तशीच दिसणारी एक बदली विंडो उभी करतं. विंडोजमध्ये तिला चक्क ‘घोस्ट’, म्हणजे भूत, म्हणतात. तुम्ही ओढता, लहान करता, बंद करू पाहता, ते हे भूत. खरा प्रोग्रॅम मागे फोटो लहान करत बसलेला. पाच सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे तेवढ्यात पंधराशे कोटी ठोके पडतात.

पूर्वी एवढीही सोय नव्हती. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये सगळे प्रोग्रॅम एकमेकांच्या सौजन्यावर चालत. एकाने रांगेकडे परतून ताबा सोडला नाही, तर त्याच्यासकट सगळा डेस्कटॉप गोठायचा. १९९५ च्या विंडोजमध्ये ३२-बिट प्रोग्रॅमना वेगळ्या रांगा मिळाल्या. आज तुमच्या चुकीची शिक्षा फक्त तुमच्याच विंडोला होते, ही मोठी प्रगती म्हणायची.

उपाय काय? काम छोटं असेल, उदाहरणार्थ दर सेकंदाला घड्याळ बदलायचं असेल, तर फंक्शनमध्ये ‘स्लीप’ लिहून थांबू नका. टायमर लावा. टीकेइंटरमध्ये त्यासाठी ‘आफ्टर’ आहे: ‘हजार मिलिसेकंदांनी हे फंक्शन चालव’ एवढं सांगून लगेच परत यायचं. काम मोठं असेल तर ते दुसऱ्या थ्रेडवर पाठवा.

आणि इथे नवशिका दुसऱ्या खड्ड्यात पडतो. त्या दुसऱ्या थ्रेडमधूनच तो लेबल बदलायला जातो. कधी चालतं, कधी विंडो विचित्र वागते. डॉटनेटचं विंडोज फॉर्म्स, निदान डीबगरखाली चालवताना, सरळ एक्सेप्शन फेकून सांगतं की ज्या थ्रेडने हे कंट्रोल बनवलं त्यानेच त्याला हात लावावा. हा नियम जाचक वाटतो. एवढे थ्रेड उपलब्ध असताना रंगकाम एकट्यानेच का करावं? अनेक थ्रेडना एकदम चालेल अशी विंडोप्रणाली बनवायचे प्रयत्न झाले आहेत. जावा बनवणाऱ्या सन कंपनीतल्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये लिहिलं, की हे फसलेलं स्वप्न असावं. त्यांचं कारण सुंदर आहे. माउसचा क्लिक खालून वर येतो: हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, विंडो, मग तुमचं फंक्शन. तुमचा आदेश मात्र वरून खाली जातो: फंक्शन, लेबल, विंडो, सिस्टिम. प्रत्येक मजल्याला कुलूप लावलं, तर एक जण खालची कुलपं घेत वर चढतो, दुसरा वरची घेत खाली उतरतो, आणि मध्ये दोघं समोरासमोर अडकतात, कायमचे. म्हणून विंडोज फॉर्म्स, क्यूट, जावाचं स्विंग, मॅकचं कोको, सगळ्यांनी विंडोचं काम एका थ्रेडवरच ठेवलं. दुसऱ्या थ्रेडने फक्त निकाल रांगेत टाकायचा आणि पहिल्याने तो उचलून लेबलवर लिहायचा. विंडोज फॉर्म्समध्ये हे ‘इन्व्होक’ने होतं, स्विंगमध्ये ‘इन्व्होकलेटर’ने. टीकेइंटरमध्ये निकाल एका क्यूमध्ये टाकून ‘आफ्टर’ने ती अधूनमधून तपासायची.

२०१२ मध्ये सी-शार्पने ‘अवेट’ आणून हे सगळं एका शब्दात गुंडाळलं. फंक्शन त्या शब्दापाशी मधूनच तुटतं, थ्रेड रांगेकडे परत जातो, आणि काम झालं की उरलेलं अर्धं फंक्शन मेसेज बनून त्याच रांगेत येतं. अप्रतिम युक्ती. पण घाईत कुणी ‘अवेट’ऐवजी ‘रिझल्ट’ मागितला, तर थ्रेड निकालाची वाट पाहत तिथेच थांबतो, निकाल पुरा व्हायला तोच थ्रेड मोकळा हवा असतो, आणि प्रोग्रॅम स्वतःचीच वाट पाहत बसतो.

एक सोपा वाटणारा आडमार्ग लोक आवर्जून सुचवतात: मोठ्या कामाच्या मधेमधे विंडोज फॉर्म्समधलं ‘डूइव्हेंट्स’ बोलवायचं, म्हणजे रांग थोडी पुढे सरकते. त्यापासून लांब राहा. रांग सरकते तेव्हा त्यात तुमच्याच बटणाचा दुसरा क्लिकही असू शकतो. मग पहिलं काम अर्धवट असताना त्याच्याच पोटात तेच काम पुन्हा सुरू होतं. डबल-क्लिकने बिल दोनदा सेव्ह होतं ते असंच. ‘डूइव्हेंट्स’ न बोलवता बटण कामाच्या सुरुवातीला बंद आणि त्याच फंक्शनच्या शेवटी चालू केलं तरी भागत नाही: विंडो अडलेली असताना केलेले क्लिक रांगेत थांबतात आणि बटण पुन्हा चालू झाल्यावरच त्यांचा नंबर लागतो.

विंडोवर दिसतं ते तिथे नसतं, याचे आणखी दोन नमुने थोडक्यात. टीकेइंटरमध्ये फंक्शनच्या आत चित्र उघडून लेबलवर लावलं, तर लेबलची जागा चित्राएवढी होते, पण चित्र गायब. लेबल फक्त चित्राचं नाव लक्षात ठेवतं. फंक्शन संपलं, चित्र धरून ठेवणारं पायथनमध्ये कुणी उरलं नाही, पायथनने ते साफ केलं. लेबलच्याच एखाद्या गुणधर्मात चित्र अडकवून ठेवलं की टिकतं.

दुसरा नमुना आपल्या घरचा. टेक्स्ट बॉक्समध्ये ‘स्थिती’ लिहा. डोळ्यांना दिसतात दोन अक्षरं, पायथनला लांबी विचारा, तो सहा म्हणेल: स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. त्यातली ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते ‘थ’नंतर, काढली जाते ‘स्थ’च्या आधी. म्हणून मराठी नावाला ‘वीस अक्षरांची’ मर्यादा घालताना जपा, कापलेलं नाव लोंबत्या हलन्तावर संपू शकतं. आणि फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वच्छ लिहा. नाहीतर विंडोजवर पायथनच्या रुळलेल्या आवृत्त्या जुन्या कोडपेजकडे वळतात आणि मराठी मजकूर सेव्ह करताना अडतात.

हे सगळं डोळ्यांनी बघायला खर्च नाही. विंडोजवर पायथन टाकलं की टीकेइंटर सोबतच येतं. एक विंडो, एक बटण, त्याच्या फंक्शनमध्ये दहा सेकंदांचा ‘स्लीप’ एवढंच लिहा, बटण दाबा आणि विंडो ओढायचा प्रयत्न करा. मग ‘स्लीप’ काढून तिथे ‘आफ्टर’ लावा आणि पुन्हा ओढून बघा.