प्रश्न विचारायचा तर ‘डू’ हवा

‘यू लाइक टी’ हे विधान. त्याचा प्रश्न करताना इंग्रजी पुढे ‘डू’ आणते: ‘डू यू लाइक टी?’ नकारातही तेच: ‘आय डोन्ट लाइक टी.’ इथे ‘डू’ला स्वतःचा अर्थ नाही, पण काळ आणि पुरुष यांचा सगळा भार तो एकटा वाहतो. म्हणून ‘यू वेन्ट’चा प्रश्न ‘डिड यू गो?’ असा होतो. भूतकाळ ‘डिड’ने घेतला, ‘गो’ मूळ रूपात परतलं. मराठीत ‘गेलास’ला ‘का’ जोडला तरी ‘गेलास’ बदलत नाही. ‘डिड यू वेन्ट?’ ही चूक आपल्या मुलांकडून होते ती बरीचशी यामुळे. वहीत लाल रेघ ओढण्याआधी शिक्षकांनी हे कारण सांगायलाच हवं.

‘इज’, ‘कॅन’, ‘विल’ यांना मात्र ‘डू’ लागत नाही: ‘कॅन यू स्विम?’

ही रीत इंग्रजीत पहिल्यापासून नव्हती. 14व्या शतकात, इंग्रजी कवी चॉसरच्या काळी, प्रश्नात मुख्य क्रियापदच कर्त्याच्या पुढे येई. शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी आणि नवी अशा दोन्ही रचना सापडतात. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये नकार बहुतेक ठिकाणी ‘डू’विनाच आहे. ‘नो’, म्हणजे जाणणे, या क्रियापदाने जुनी रीत इतरांपेक्षा जास्त काळ धरून ठेवली.

साध्या विधानात ‘डू’ आला, तर तो जोर देतो. ‘आय डू लाइक टी’ म्हणजे ‘अहो, आवडतो मला चहा!’