माल्बेकची बाटली निवडताना

काळसर जांभळा रंग, पिकलेल्या आलुबुखाराचा वास आणि रेड वाइनच्या मानाने मऊ चव, ही माल्बेकची ओळख. बेताच्या पैशांत चांगली रेड वाइन हवी असेल, तर शोध इथून सुरू करावा असं मला मनापासून वाटतं. मात्र दुकानात पन्नास बाटल्या समोर असताना आपण गोंधळतो आणि भाव पाहून अंदाजाने एखादी उचलतो. त्याऐवजी लेबल वाचायला शिकावं.

आधी देश पाहू. हे द्राक्ष मूळचं नैऋत्य फ्रान्सचं. तिथल्या काओर भागात आजही त्याची गडद, तुरट वाइन होते. १८५३ साली मिशेल पूजे हा फ्रेंच शेतीतज्ज्ञ आर्जेन्टिनात आला आणि त्याने आणलेल्या वाणांबरोबर माल्बेक तिथे रुजलं. आज जगातलं बहुतेक माल्बेक आर्जेन्टिनातच पिकतं, तेही मुख्यतः मेंदोसा प्रांतात.

ते स्वस्त का पडतं, हे नाशिकच्या बागाईतदाराला लगेच कळेल. मेंदोसात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. अँडीजच्या बर्फाचं पाणी पाटांनी बागेत येतं. हवा कोरडी, त्यामुळे केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग कमी, फवारणीचा खर्चही कमी. भीती असते ती गारपिटीची, म्हणून कितीतरी बागांवर जाळ्या लावलेल्या असतात.

आता लेबलवर गावाचं किंवा खोऱ्याचं नाव शोधा. निवड खरी इथेच ठरते. नुसतं ‘मेंदोसा’ लिहिलेलं असेल, तर द्राक्षं प्रांतात कुठलीही असू शकतात, पूर्वेच्या उष्ण सपाटीवरचीसुद्धा. ‘लुहान दे कुयो’ किंवा ‘उको खोरं’ असा उल्लेख दिसला तर थांबा. लुहान दे कुयोतल्या बागा समुद्रसपाटीपासून साधारण १००० मीटरवर आहेत, तर उको खोऱ्यातल्या काही जवळपास १५०० मीटरवर. तिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा असतो. उन्हामुळे द्राक्ष पूर्ण पिकतं, गारव्यामुळे त्यातला आंबटपणा टिकतो. हा आंबटपणा नसेल, तर वाइन दुसऱ्या घोटालाच जड वाटू लागते. चार पैसे जास्त द्यायचे असतील तर या नावासाठी द्या. प्रसिद्ध वाइनरींच्या सगळ्यात महागड्या बाटल्यांकडे जायची गरज नाही. काटेना कुटुंबाची ‘आलामोस’ किंवा सुकार्दींची ‘सेरिए आ’ या त्यांच्याच बेताच्या किमतीच्या वाइन आहेत.

पुढचा शब्द ‘रेझेर्वा’. आर्जेन्टिनाच्या नियमानुसार अशी रेड वाइन किमान १२ महिने मुरवलेली असते, ‘ग्रान रेझेर्वा’ २४ महिने. अनेकांची चूक होते ती इथे. मुरवणं म्हणजे दर्जाची हमी नव्हे. साध्या द्राक्षांवर ओक लाकडाचा व्हॅनिलासारखा वास चढवला, तर फळाची चव झाकली जाते. अमेरिकी बाटलीवरच्या ‘रिझर्व्ह’ला तर कायद्याने ठरलेला अर्थही नाही.

मग साल बघा. स्वस्त माल्बेक ताजी असतानाच चांगली लागते, तोडणीपासून तीन-चार वर्षांत संपवावी. जुनी म्हणजे चांगली, हा समज इथे पैसे बुडवतो.

बाटली हातात घेतली की जड काचेला भुलू नका. बूच वर आलंय का, मानेवर चिकट ओघळ आहे का, हे पाहा. तसं असेल तर ती उन्हात तापलेली असण्याची शक्यता मोठी. फिरकीचं झाकण असेल तर कमीपणा मानू नका.

भारतात आयात वाइनवर बराच काळ १५० टक्के शुल्क राहिलं आहे. म्हणून लंडनला किंवा न्यू जर्सीत स्वस्त असलेली बाटली पुण्यात महाग पडते. परदेशातून परतताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे नेहमीच्या मापाच्या दोन बाटल्या.

घरी आणल्यावर आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे खोलीच्या तापमानाला वाइन ओतणं. हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा. आपल्या ३० अंशांत अल्कोहोलचाच भपकारा येतो आणि फळ हरवतं. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करा, १६ ते १८ अंश पुरेत.

सोबत भाजलेलं मटण उत्तम, मेंदोसातही माल्बेक निखाऱ्यावरच्या मांसाबरोबरच घेतात. तांबडा रस्सा मात्र टाळा. माल्बेकमध्ये अल्कोहोल साधारण १४ टक्के असतं आणि त्याने तिखट आणखी झोंबतं. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते.