विनिमय-चित्रपत्रे

विनिमय-चित्रपत्रे : कलावंतांनी स्वहस्ते तयार करून परस्परांना केवळ अदलाबदलीने द्यावयाच्या लघुचित्रकृती. इंग्रजीत त्यांना ‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड्‌स’ असे म्हणतात. जाड कागदावर वा पातळ पुठ्ठ्यावर केलेल्या या कृतींचा आकार ६.४ × ८.९ सेंमी. (२.५ × ३.५ इंच) असा ठरलेला असतो. उत्तर अमेरिकेत खेळाडूंची छायाचित्रे असलेली जी संग्राह्य पत्रे मुले आपापसांत बदलून घेतात, त्यांचाच हा आकार होय. आकाराखेरीज महत्त्वाचे बंधन एकच : पत्राची विक्री करावयाची नाही.

या प्रथेची पूर्वपीठिका टपालकलेत आढळते. अमेरिकन चित्रकार रे जॉन्सन (१९२७–९५) हा १९५० नंतरच्या दशकात आपली छोटी चिक्कणचित्रे परिचितांना टपालाने पाठवीत असे. ‘भर घालून परत पाठवा’ अशी सूचना तो पुढे अनेकदा पत्रावर लिही. त्यामुळे एकाच कृतीवर अनेकांचे हात फिरत. त्याच्या या पत्रव्यवहारी वर्तुळास १९६२ मध्ये ‘न्यूयॉर्क कॉरस्पॉन्डन्स स्कूल’ हे नाव मिळाले व १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरले. टपालकलेच्या प्रदर्शनांतून पुढे काही संकेत रूढ झाले : परीक्षक नसावा, प्रवेशशुल्क नसावे, आलेली प्रत्येक कृती मांडावी. जेथे शासनाचे नियंत्रण कठोर होते, तेथे या देवघेवीस वेगळे मोल आले. ब्राझीलमधील रेसीफे येथे १९७६ मध्ये पाउलो ब्रुस्की व दानिएल सांतियागो यांनी भरविलेले आंतरराष्ट्रीय प्रदर्शन अधिकाऱ्यांनी बंद पाडले व दोघांना अटक केली. यूरग्वायमधील क्लेमेंते पादीन यास १९७७ मध्ये अशाच कार्यापायी तुरुंगवास घडला.

चित्रपत्रांचा प्रारंभ स्वित्झर्लंडमधील कलावंत एम. व्हँची श्टिर्नेमान याने केला. त्याने १,२०० पत्रे हाताने तयार करून १९९७ मध्ये झुरिक येथे प्रदर्शित केली. प्रेक्षकांनीही आपापली पत्रे करून आणावीत व समारोपाच्या दिवशी ती बदलून घ्यावीत, असे आवाहन त्याने केले. कॅनडातील टपालकलावंत डॉन मेबी याने ही कल्पना कॅल्गरी येथे नेली आणि तेथे विनिमयाची नियमित सत्रे सुरू झाली. महाजालाच्या प्रसारानंतर दूरदूरचे हौशी व व्यावसायिक कलावंत टपालाद्वारे या देवघेवीत सामील झाले.

पत्रासाठी जलरंग, शाई, पेन्सिल, चिक्कणचित्रण, मुद्राचित्रण, भरतकाम इ. कोणतेही तंत्र चालते. मात्र पत्र फार जाड झाल्यास ते साध्या लिफाफ्यातून जात नाही व संग्रहातही मावत नाही. पाठीमागे कलावंताचे नाव, शीर्षक व दिनांक लिहिण्याचा प्रघात आहे. एकाच कृतीच्या अनेक प्रती असल्यास प्रतीचा क्रमांकही नोंदवितात. टपालाने सामूहिक विनिमय करताना एक संयोजक विषय, पत्रांची संख्या व मुदत जाहीर करतो. सहभागी कलावंत तितकी पत्रे आणि स्वतःचा पत्ता घातलेला, परतीचे तिकीट लावलेला लिफाफा पाठवितात. संयोजक सर्व पत्रांची सरमिसळ करून प्रत्येकास इतरांची तितकीच पत्रे रवाना करतो. पत्रे ठेवण्यासाठी नऊ कप्प्यांची पारदर्शक प्लॅस्टिकची पाने वापरली जातात.

विक्री न करण्याचा नियम हा या प्रथेचा गाभा असला, तरी तो सर्वांनी पाळला नाही. २००४ च्या सुमारास याच आकाराच्या, परंतु विक्रीसाठी केलेल्या चित्रांना ईबे या संकेतस्थळावर वेगळे नाव देण्यात आले. लहान चित्राच्या अल्प किंमतीमुळे सामान्य ग्राहकास मूळ कलाकृती घेता येते आणि कलावंतास अर्थप्राप्ती होते, हे या विक्रीच्या बाजूने सांगितले जाते. विनिमयाचा आग्रह धरणाऱ्यांची भूमिका निराळी आहे. किंमत लागताच नवोदित व नामवंत यांच्यात श्रेणी निर्माण होते. अदलाबदलीत मात्र एका पत्राचे मोल दुसऱ्या पत्राइतकेच असते. आपली कृती हातची गेल्याशिवाय दुसऱ्याची मिळत नसल्याने येथे कलावंताच्या संग्रही मुख्यतः इतरांचीच चित्रे राहतात. त्याची स्वतःची चित्रे अनेक घरांत विखुरलेली असतात.